गलाई

पोटात होता तेव्हा तो त्रिशूरला होता.
पुढं ह्यांची भट्टी, मागं दहा बाय बाराची खोली,
भिंतीपलीकडं ओमनाचेची,
तिची कुकरशी, नवऱ्याशी, देवाशी चाललेली बडबड.
मला त्यातलं मीठ आणि तांदूळ एवढंच कळायचं.
त्याला सगळं ऐकू जात असणार,
विहिरीत बुडी मारल्यावर काठावरची माणसं ऐकू येतात तसं,
शब्द नाहीत, नुसता चढउतार.

सातव्यात आळसंदला आले.
विट्याच्या स्टँडवर एक बाई दुसरीला म्हणाली,
"अगं बया, कवा आलीस?"
आणि तो आतून फिरला.

हे सांगायचे, सोनाराच्या दुकानातली धूळ आम्ही विकत घेतो.
झाडलोट, पायपुसणं, हात धुतलेलं पाणीसुद्धा.
जाळायचं, चाळायचं,
टाकणखार घालून मुशीत वितळवायचं.
पोतंभर राखेतनं मुगाएवढं निघतं.
बाकीचं? मी विचारलं होतं.
बाकीचं ओतून द्यायचं, म्हणाले.

पाळण्यात पडून तो तेच करतो.
त्याला कुणी शब्द सुटे करून देत नाही.
हौसाकाकी एका दमात म्हणते
"उठलंकागंबाळदूधपाजलंसका",
मध्ये कुठं फट नाही.
बाळ कुठं संपतं, दूध कुठं लागतं?
तो आढ्याकडं बघत ऐकतो.
'बाळ' आज चाळीसदा गेलं कानावरून,
'बाळदू' एकदाच.
आत कुठं तरी मुगाएवढं काही खाली बसतं.

चौथ्या महिन्यात चेचीचा फोन आला.
तिच्या भाषेत एक अक्षर आहे,
ळ म्हणावं तर ळ नाही, र म्हणावं तर र नाही,
जीभ मागं वळते आणि कुठंच न टेकता परत येते.
दोन वर्षं राहून मला जमलं नाही.
तिनं केळ्याचं नाव घेतलं.
ह्यानं दूध सोडलं, मान वळवली.

दहाव्या महिन्यात तिनं तेच म्हटलं, तसंच.
तो चमच्याशी खेळत राहिला.
ओतून दिलं होतं त्यानं.
फोन ठेवल्यावर
मी घासलेली भांडी उगाच परत घासली.

मग बाबाबा आलं.
हे तिकडं खूश, मला हाक मारली म्हणून.
बादलीलाही तो बाबाबाच म्हणतो,
ते मी सांगितलं नाही.

पहिला खरा शब्द आई नव्हता.
रात्री लाईट गेली.
सकाळची एस्टी गेली.
टेंभूचं पाणी तीन दिवस होतं, ते गेलं.
बांधावरून मुंगूस गेलं.
शेजारचा जालिंदर कोइमतूरला गेला,
त्याचा थोरला आधीच गेलेला.
आमच्या गल्लीत हा शब्द पोत्यानं पडलेला.
पेज संपल्यावर ताटलीवर दोन्ही हात उताणे करून
तो म्हणाला, "गेया."
ला नाही, ली नाही, लं नाही,
लिंग नाही, वचन नाही,
गेलेलं सगळं एकच.

जत्रेला हे आठ दिवस आले.
मिशा ओढून घेतल्या, कडेवर घेऊन गावभर हिंडले,
दिसेल त्याला म्हणाले, बोलतंय आता.
नवव्या दिवशी पहाटे निघाले, तो झोपेत.
उंबऱ्यात हळू म्हणाले, येतो.
जातो म्हणत नाहीत आमच्यात.

उठला तर खुंटीवर शर्ट नाही.
मला माहीत होतं आता काय म्हणेल.
चूल सोडून मी दारात उभी राहिले.
तो खुंटीकडं बघत राहिला,
ओठ दोनदा जुळवले, सोडले,
आणि म्हणाला, "येओ."

चुकून उचलला की वेचून, कळलं नाही.
इथनं जाणारा प्रत्येक जण हेच म्हणून जातो,
त्यानं तेही मोजलं असेल.

संध्याकाळी ह्यांचा फोन.
मागं भट्टीचा आवाज.
"आज काय नवीन म्हणाला का?"
मी म्हटलं, "चाळतोय अजून."